परत केलेलं पदक

डुलुथ, २७ मार्च

प्रिय आई,

तू आणि बाबा बरे असाल. इथे सरोवरावरचा बर्फ अजून हललेला नाही. बेकरीतलं काम नीट चाललंय. परवा राय धान्याचे काळपट पाव एकटीने केले, एकही बसला नाही.

वर्षभर नशा न केल्याचं पदक मिळालं का, असं तू विचारलंस. मिळालं. आठ तारखेला, चर्चच्या तळघरात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, केक कापला. ते दाखवलं की भावाच्या, एरिकच्या, लग्नाला घरी यायचं, असं आपलं ठरलंय. ते पाठवायच्या पाकिटावर तुझा पत्ताही लिहून झाला होता.

पण जानेवारीत माझी अक्कलदाढ काढली, हे तुला कळवलं नव्हतं. दुखण्याच्या गोळ्या आमच्या व्यसनमुक्ती गटातलं कुणी स्वतःजवळ ठेवत नाही. माझ्या गोळ्या गटातल्याच वर्नाकडे होत्या. सत्तरीची आहे, व्यसन सुटल्यापासून मला तीच सांभाळते. पर्समधून एकेक काढून द्यायची. त्यातल्या दोन मी जिभेखाली धरल्या, रुमालात लपवल्या. आठवड्याने घेतल्या. दुखत नसताना.

लहानपणी गणितं झाली की तपासायला तू लाल पेन्सिल आणि उत्तरांचं पुस्तक माझ्याच हातात देऊन भांडी घासायला जायचीस. एकदा मी एक अपूर्णांक गुपचूप दुरुस्त केला आणि दोन दिवस जेवले नाही. तुला वाटलं, ताप आहे. आता पुन्हा तसंच झालं होतं.

दहा तारखेला वर्नाला सांगितलं. ती कॉफीचं भांडं विसळत होती.

"मला वाटलंच होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मी विचारलं असतं तर तू कबूल केलं असतंस. आज तू स्वतःहून सांगितलंस."

मी म्हटलं, वर्ष मोडलं, आजपासून पहिला दिवस मोजते.

"अजिबात नाही. गोळ्या घेतल्यास त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोज. स्वतःला जास्तीची शिक्षा करणं हीसुद्धा लबाडीच, पोरी."

सभेत सगळ्यांसमोर पदक परत दिलं. एकतीस वर्षं न पिणारे आर्विडकाका ओरडले, "वा! म्हणजे जानेवारीत पुन्हा केक!" आई, मी हसले. खोलीवर येऊन उकडलेले बटाटे मीठ लावून खाल्ले, दुसऱ्यांदा वाढून घेतले.

लग्नाची अट माझ्याकडून पुरी झाली नाही. ये म्हणालीस तर येईन, रायचे पाव घेऊन. नाही म्हणालीस तर पाव टपालाने पाठवीन. एरिकला कारण खरं सांग.

तुझी, छप्पन्न दिवसांची,
लिनिया