बुधाजीचे गुण

अमरावती,
१४ मार्च १९६७

प्रिय बुधाजी,

सप्रेम जयभीम. परवा मुंबईहून घरी आलो. आईचा गुडघा दुखतोच आहे, तरी बाजारात पायी जाते, कोणाचं ऐकत नाही. शालूची मॅट्रिक सुरू आहे. अकोल्याच्या कापसाच्या जिनात काम करताना रुईच्या धुळीनं तुला खोकला लागला, असं तिच्याकडून कळलं. औषध घे.

रजा काढून आलो असं आईला सांगितलं आहे. ते खरं नाही. मला कामावरून घरी बसवलं आहे. कारण तुला सांगायचं म्हणून दोनदा कागद घेतला आणि फाडला.

तुमच्या कारकुनाच्या परीक्षेचे गुण मुंबईच्या आमच्या कॉम्प्युटर यंत्रावर लागले, हे तुला ठाऊक आहे. गुण भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर असतात. भोक म्हणजे एक, कोरी जागा म्हणजे शून्य. यंत्र एकेका उमेदवाराची पट्टी वाचून पोटातल्या ठरावीक जागेत भरतं. तिला बफर म्हणतात. एकाचं काम झालं की त्याच जागेत दुसऱ्याचं भरायचं. किती अक्षरं आत आली हेही यंत्र सांगतं. तो आकडा तपासायचा असतो.

पट्टी वाचायच्या आज्ञा मी लिहिल्या होत्या. आकडा तपासायची आज्ञा मी लिहिली नाही.

तुझ्या नोंदीजवळ पट्टी फाटली होती, कोणीतरी चिकटवली होती. जोडात तुझे गुण गेले. नाव तेवढं आत आलं. जागेत तुझ्या आधीच्या माणसाचे गुण तसेच पडून होते. तो नापास होता. यंत्रानं त्याचेच गुण तुझ्या नावापुढे छापले.

तू म्हणाला होतास, "आडनाव पाहून पाडलं असंन." भाऊ असून मी बाबांना मोठ्या तोऱ्यात लिहिलं, यंत्राला आडनाव कळत नाही, बुधाजीनं अभ्यासच केला नसेल. ते पत्र त्यांनी तुझ्यासमोर शालूकडून वाचून घेतलं. पुढचं तुला माहीत आहे.

चूक मला डिसेंबरात सापडली. दुसऱ्या एका यादीत पाठोपाठच्या दोन माणसांना अगदी सारखे गुण दिसले, म्हणून जुन्या पट्ट्या काढल्या. साहेब म्हणाले, "नेमणुका झाल्या, आता उकरू नका." आणि बुधाजी, मी उकरलं नाही. दोन महिने गप्प राहिलो. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती, घरात यंत्रवाला म्हणून जो मान आहे तो जाईल, ही होती.

फेब्रुवारीत शालूचं पत्र आलं. बुधादादानं पुस्तकं रद्दीत दिली, असं तिनं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी सगळं लेखी दिलं, त्यावरूनच मला घरी बसवलं. मूळ उत्तरपत्रिका मागवल्या. तुझे एकाहत्तर गुण होते. अठ्ठावन्नवाले घेतले आहेत. पण जागा भरल्या, आणि पुढच्या परीक्षेला तुझं वय बसत नाही. मी अर्ज केला आहे, वयाची सूट मिळावी म्हणून. उत्तर नाही. मिळेल असं खोटं लिहिणार नाही.

काल बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याले म्या घराबाहेर काढलं ते तुह्या कागदावर. अन् तू दोन महिने काय करून राहिला होता?"

मी म्हटलं, "भेत होतो, बाबा."

"आमी तं तुह्या भरवशावर होतो रे," एवढं म्हणून ते उठले. जेवले नाहीत. आज सकाळी कोट काढून झटकला. म्हणाले, "रविवारी अकोल्याले जातो. पोराची माफी मांगाची हाय. तुले याचं असंन तं ये."

मी येतो आहे. तुला जे बोलायचं ते बाबांसमोर बोल, जिनाच्या फाटकावर चार माणसांत बोल. मी उत्तर देणार नाही.

खाली नावाआधी 'तुझा' लिहायला हात धजत नाही. तू लिहू देशील तेव्हा लिहीन.

भगवंत