रेजाँला एकदाच उठवा

लव्हाल,
६ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. नंदकुमारमामांना,
यामिनीचा शि. सा. न. वि. वि.

महिन्याला एक पत्र, तेही हाताने लिहिलेलं, हा तुमचा नियम मी तुमच्या बेसमेंटमधून इकडे राहायला आले त्या दिवसापासून पाळतेय. या वेळी मात्र नियम म्हणून लिहीत नाहीये. माझं अडलंय.

आमच्या बेसबॉल क्लबचा सीझन सेमीफायनललाच संपला, ते तुम्ही बघितलं असेलच. शेवटच्या इनिंगला दोन रन्सची आघाडी होती. रेजाँ आला आणि पाच चेंडूंत सगळं घालवून बसला. मामीला पत्र वाचून दाखवाल म्हणून सांगते, रेजाँ आमचा रिलीफ पिचर. सामना सुरू दुसरा करतो, शेवटी आवळायला हा येतो, आणि तोवर मैदानाच्या कडेला जाळीमागे, बुलपेनमध्ये, बसून राहतो. एकोणचाळीस वर्षांचा आहे. चौदा वर्षं आमच्याकडेच खेळला. त्याचा करार आता संपतोय आणि तो वर्षभर वाढवायचा की नाही हे पंधरा नोव्हेंबरपर्यंत ठरवायचंय. आमच्या डायरेक्टर, मादाम तेसिए, यांनी जाहीर केलंय की या वेळची शिफारस अ‍ॅनालिस्टच्या, म्हणजे माझ्या, सहीने जाईल.

आकडे म्हणतात, नको. त्याचा वेग उतरलाय, बावन्न सामन्यांत अकरा वेळा सपाटून मार खाल्लाय. मैदानावर संघ चालवणारा मॅनेजरही म्हणतो की आता तो म्हातारा झाला. पण उरलेले एकेचाळीस सामने बघितले की माझी मती गुंग होते. त्यांत तो पंचविशीतल्या पोरासारखा टाकतो. एक तर हे टोक नाही तर ते, मधलं काही नाहीच. म्हातारपण असं दिवसाआड येतं का हो?

काल तो पार्किंगमध्ये भेटला. त्याने एवढंच मागितलं की उत्तर नाही असेल, तर पेपरात यायच्या आधी मी स्वतः त्याला सांगावं. मला घरी येऊन जेवण गेलं नाही.

कळावे. उत्तर रागाचं असलं तरी चालेल, पण लवकर यावं.
आपली,
यामिनी

*

विंडसर,
१५ ऑक्टोबर २०२४

चि. यामिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर बिघडलंय. उत्तर एका शब्दात: नको.

मी पंचवीस वर्षं इथल्या कारखान्यात गाड्यांचे पार्ट तपासले. झिजलेला पार्ट बदलतात, त्याची समजूत काढत बसत नाहीत. तुला हे कठोर वाटेल, म्हणून जे कुणाला फारसं सांगितलं नाही ते सांगतो. सत्त्याऐंशी साली मी छत्तीस वर्षांचा होतो. सांगलीत कारखान्याच्या क्रिकेट संघात मध्यमगती गोलंदाज. सगळे म्हणत होते, आता पुरे. मी कप्तानाच्या मिनतवाऱ्या करून एक सीझन मागून घेतला. फायनलला एका ओव्हरमध्ये बावीस रन्स दिल्या आणि सामना घालवला. त्या दिवशी बूट काढले ते परत घातले नाहीत. माझ्यामुळे एक तरणा मुलगा वर्षभर बाहेर बसला, ही टोचणी अजून जात नाही. तुझ्या रेजाँवर ही पाळी आणू नकोस. दया दाखवायची असेल तर आत्ताच नाही म्हण.

तरीही ते अकरा सामने पाठव. कापलेले तुकडे नकोत, पूर्ण सामने. मामीने फराळाला सुरुवात केलीय आणि मला किचनमधून हाकलून दिलंय, तेव्हा मी रिकामाच आहे.

आमचा लोभ तुझ्यावर आहे, त्या पिचरवर नाही, हे ध्यानात असू द्यावं.
तुझा,
मामा

*

विंडसर,
२९ ऑक्टोबर २०२४

चि. यामिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

एका महिन्यात दुसरं पत्र! मामी म्हणते, मला ताप आलाय.

तू पाठवलेले सामने पाहून झाले, दोन-दोनदा. तुम्ही सगळे तो पिचिंग करताना त्याला बघता. मी तो बसलेला असताना बघितला. तुमच्या कॅमेऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात बुलपेनची जाळी दिसते. सहाव्या इनिंगला प्रतिपक्षाचे दोन जण बेसवर पोचतात, मॅनेजर घाबरून फोन करतो, पाठीवर एक्केचाळीस नंबर असलेला तुझा रेजाँ उठतो, जॅकेट काढतो आणि जोर लावून वीस-पंचवीस चेंडू टाकतो. संकट टळतं. हा जॅकेट घालून बसतो. आठव्या इनिंगला पुन्हा तेच. नवव्या इनिंगला त्याला खरोखर आत पाठवतात, तेव्हा त्याचे पन्नास चेंडू आधीच टाकून झालेले असतात, आणि मधल्या वेळात खांदा दोनदा थंड पडलेला असतो. अकरांपैकी नऊ सामन्यांत असंच झालंय. तुझा कॉम्प्युटर जाळीमागचे चेंडू मोजतच नाही.

हे कळलं आणि मी पेन्सिल खाली ठेवली. यामिनी, त्या फायनलला कप्तानाने मला तीनदा हात मोकळा करायला लावला होता. तीनदा स्वेटर काढला, दोनदा ओव्हर न देताच परत घालायला सांगितलं. चेंडू मिळाला तेव्हा खांदा माझा वाटत नव्हता. सदतीस वर्षं मी समजत आलो की वय झालं होतं, हावरेपणा नडला. हे मामीला सांगायला किचनमध्ये गेलो आणि बोलता येईना, रडूच आलं. तिने गॅस तसाच सोडून मला खुर्चीत बसवलं. एक घाणा चकल्या जळल्या.

तर माझं उत्तर बदललं. करार वाढवा. पण माझ्या चष्म्याच्या भरवशावर सही करू नकोस. बुलपेनमध्ये कुणीतरी हे टिपत असणार, त्याला शोधून काढ.

दिवाळीचे आशीर्वाद. डबा पोस्टाने येतोय, लोभासकट.
मामा

*

लव्हाल,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. मामांना,
यामिनीचा शि. सा. न. वि. वि.

सापडला! त्याचं नाव मार्सेल. बुलपेनमध्ये पिचरांचे चेंडू झेलणारा, एकसष्ट वर्षांचा, फक्त फ्रेंच बोलणारा. माझं फ्रेंच सरकारी क्लासातलं, तरी विचारलं. कुणाला केव्हा उठवलं, किती चेंडू टाकले, हे त्याने प्रत्येक सामन्याचं शाळेच्या वहीत लिहून ठेवलंय. एकोणीस वर्षांत ती वही बघायला कुणी मागितली नव्हती म्हणाला. मामा, तुमचे नऊ सामने तंतोतंत जुळले. आणि जे एकेचाळीस चांगले गेले, त्यांत चारच वेळा त्याला दोनदा उठवलं होतं.

मीटिंगमध्ये मी शिफारशीच्या वर एकच ओळ लिहून नेली: रेजाँला एकदाच उठवा. हे आधी तुमच्या लक्षात आलं, हेही सांगितलं. मॅनेजर लालबुंद झाला. लॅपटॉपवाली पोरगी आणि विंडसरचा कोणी म्हातारा आता त्याला बुलपेन शिकवणार का, असं त्याने टेबलावर हात आपटून विचारलं. मी म्हटलं की सही म्हाताऱ्याची नाही, माझी आहे. एकदाच उठवूनही रेजाँ मार खाऊ लागला, तर जुलैत त्याला काढा आणि मलाही. मादामनी मार्सेलला बोलावून घेतलं. मीटिंगमध्ये कधी तोंड न उघडणारा तो माणूस म्हणाला की वही खरी आहे, आणि त्याला स्वतःला हे दहा वर्षांपासून माहीत होतं. मादामनी तिथल्या तिथे करार एक वर्ष वाढवला.

पेपरात यायच्या आधी मीच रेजाँच्या घरी जाऊन सांगितलं. ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसत होता. त्याने मला तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं.

चकल्या पोचल्या, एकही जळलेली नव्हती. असंच प्रेम अधूनमधून पोस्टात टाकत जावं.
आपली,
यामिनी

*

विंडसर,
९ जून २०२५

चि. यामिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर रडलीस, म्हणून हे पत्र. रेजाँला होमरन बसला, सामना गेला, मॅनेजर तुझ्याकडे बघून हसला. बरं मग? मी रेकॉर्डिंग बघितलं. त्याला एकदाच उठवलं होतं आणि चेंडूही चांगला होता. समोरचा बॅटरही पगार घेतो, त्यालाही एखादा दिवस द्यायला हवा. या सीझनमधला त्याचा हा दुसराच वाईट सामना आहे. तू स्वतःच्या आकड्यांवर विश्वास ठेव, नाहीतर मला पुन्हा पार्ट तपासायला जावं लागेल.

मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन सप्टेंबरमध्ये ठरलंय. फायनलला पोचलात तर मी इथूनच ओरडेन. शेजारचा इटालियन म्हातारा तक्रार करेल, करू दे.

काळजी कमी करावी आणि लोभ आहे तेवढा ठेवावा.
मामा

*

लव्हाल,
३० सप्टेंबर २०२५

ती. स्व. मामांना आणि मामीला,
यामिनीचा शि. सा. न. वि. वि.

जिंकलो, जिंकलो, जिंकलो! तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत आहे. रविवारी तुमचा फोन आला तेव्हा तुमचा आवाज बसलेला होता आणि मागून मामी वॉकर आपटत होती. पण फायनलला कॅमेऱ्यात जे दिसलं नाही ते आता सांगते.

मी बुलपेनच्या जाळीला चिकटून उभी होते. सातव्या इनिंगला दोन जण बेसवर आले आणि फोन वाजला. मार्सेलने उचलला. मॅनेजरला रेजाँ उठून तयार हवा होता. मार्सेलने शांतपणे विचारलं की तो आत येणार आहे का? असेल तर उठवतो, नुसताच नाही. मॅनेजरने फोन ठेवून दिला. दुसऱ्या एका पोराने ती इनिंग सावरली. आठव्या इनिंगला पुन्हा फोन, पुन्हा मार्सेलचा तोच प्रश्न, पुन्हा फोन खाली. रेजाँ बाकावर पाय पसरून बसला होता.

नवव्या इनिंगला एका रनची आघाडी. फोन वाजला, तेव्हा मॅनेजरने स्वतःच सांगितलं की रेजाँ येतोय. रेजाँ उठला, अठरा चेंडू टाकले आणि जाळीचं दार ढकलून चालू लागला. पुढचं तुम्ही बघितलंत. पहिला बॅटर तीन चेंडूंत गेला. दुसऱ्याने फटका मारून दोन बेस घेतले. तिसरा झेल देऊन गेला. चौथ्याला त्याने ज्या चेंडूवर बाद केलं, तो त्याचा या सीझनमधला सगळ्यात वेगवान चेंडू होता. मी आकडा तीनदा तपासला. सगळं स्टेडियम उभं राहिलं. मी मार्सेलला मिठी मारून मराठीत ओरडत होते, तो फ्रेंचमध्ये रडत होता.

आज सकाळी कराराची मीटिंग होती, रेजाँही आला होता. वर्षभर माझ्याशी धड न बोललेला मॅनेजर आधीच येऊन बसला होता. त्याने स्वतःहून मागणी केली की रेजाँला या वेळी दोन वर्षं द्यावीत. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, एकच. खांदा एक वर्ष नक्की टिकेल असं वही सांगते, दुसऱ्या वर्षाचं ती काही सांगत नाही, आणि जे दिसत नाही त्याच्यावर मी सही करणार नाही. मला वाटलं, रेजाँचा चेहरा पडेल. तो मोठ्याने हसला. म्हणाला, पंधरा वर्षांत क्लबने त्याला शाबासक्या पुष्कळ दिल्या, पण त्याच्याबद्दल कुणी इतकं खरं बोललं नव्हतं. मग त्याने माझंच पेन मागून घेतलं आणि माझ्या सहीशेजारी सही केली. मी वॉशरूममध्ये जाऊन पोटभर रडून आले.

येत्या बारा एप्रिलला त्याला एक्केचाळीस वर्षं पूर्ण होतील, मामा, आणि त्या दिवशी तो कामावर असेल.

लोभ आहे तो वाढवत राहावा, त्याला मुदत घालू नये.
आपली,
यामिनी