रुळाचा तुकडा आणि साउंड लायब्ररी

४ ऑगस्ट, सोमवार
शिपाई शंभुलिंगमामांनी आज पुन्हा टोल चार मिनिटं उशिरा दिला. लोंबकळता रुळाचा तुकडा आणि हातोडी, हे येडशीच्या आमच्या शाळेचं तंत्रज्ञान! शिसारी येते. हेडसर हिंमतरावांना सांगून आलो, पुढच्या सोमवारपासून लॅपटॉपच टोल देईल. प्रोग्राम मी सी भाषेत लिहितो. जमलं तर कॉम्प्युटर विभागप्रमुख करतो म्हणाले. विभागात मी एकटाच आहे, तरी पाटी लागेल.

५ ऑगस्ट
प्रोग्राममधून आवाज काढायला तयार साउंड लायब्ररी डाउनलोड केली. लॅपटॉप म्हणतो, तिची हेडर फाईल सापडत नाही. मला समोर दिसतेय, या आंधळ्याला दिसत नाही. उद्या पहाटे पाचला उठून संपवतो.

६ ऑगस्ट, सकाळी ९.४०
उठलो. हेडर दुसऱ्याच फोल्डरमध्ये होती. कुणीतरी हलवली असणार.

७ ऑगस्ट
टोल मोबाईलवर रेकॉर्ड केला. मामा म्हणाले, "सर, कुठला देऊ?" कुठलाही द्या म्हणालो. टोलात टोल काय! मामांनी मात्र हात दुखेपर्यंत बडवला.
संध्याकाळी एरर शून्य. आवाजही शून्य. प्रोग्राम सुरू होतो आणि लगेच संपतो. लायब्ररी लिहिणाऱ्याची कीव आली.

८ ऑगस्ट
दहावीच्या तासाला प्रोग्राम चालवून दाखवला. मोनिका सगळ्या वर्गासमोर म्हणाली की आवाज यायच्या आतच प्रोग्राम बंद पडतोय, त्याला थांबवून धरा. हल्लीची मुलं फार उद्धट. घरी येऊन थांबायची एक ओळ घातली. वाजला! ही ओळ मला वाटेतच सुचली होती.

११ ऑगस्ट, सोमवार
पहिला तास संपला. बटण दाबलं. स्पीकरवर टोल खणखणीत, लांबलचक. पोरं दप्तरं घेऊन फाटकाबाहेर. तेर गावची पोरं तर एसटीत बसून गेली. लांब टोल म्हणजे शाळा सुटली, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
हेडसरांना म्हणालो, मामांनी चुकीचा टोल दिला. मामा शेजारीच उभे होते.
"म्या इचारलं हुतं की, सर."
एवढंच बोलले आणि रजेचा अर्ज ठेवून गेले. मला जरा लाज वाटली. जेवणानंतर गेली.

१२ ऑगस्ट
हेडसर म्हणाले, मामा येईपर्यंत टोल तुमच्याकडं. लॅपटॉपला हात लावायचा नाही.
आठ टोल दिले. तळहाताला फोड. तिसरा सहा मिनिटं उशिरा पडला. आवाज मात्र पहिल्याच ठोक्याला आला.