थर बसेपर्यंत

८ डिसेंबर, रविवार. सकाळी ७.४०, बस्तीत जिनदर्शन करून आल्यावर.

भरतेश २१ तारखेला येतोय. तीन वर्षांनी. मला त्याच्या आईनं, गुणमालेनं सांगितलं, तिला त्यानं. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला पॅकिंग मशीनच्या कारखान्यात आहे. नाताळात कारखाना बंद असतो.

मुलगा माझ्याशी फोनवर बोलत नाही असं गावात म्हणतात. तसं काही नाही. फोन त्याच्या आईच्या हातात असतो, त्यामुळं त्याला मी दिसत नाही.

जाताना सांगली स्टँडवर मी त्याला म्हणालो होतो, तिथं गेलास की घरचे नेम गुंडाळशील, तसा आलास तर माझ्या पंगतीला बसायचं नाही. चार माणसं उभी होती. तो गाडीत चढला.

आला की एक वाक्य बोलायचं. "मी तेव्हा बोललो ते चुकलं." पाच शब्द. दिवाळीपासून गोठ्यात रोज सराव चालू आहे. म्हैस ऐकून घेते. बावीस वर्षं दूध संस्थेचा सेक्रेटरी आहे, वार्षिक सभेत याहून लांब वाक्यं बोललो आहे. अवघड काही नाही.

९ डिसेंबर, सोमवार.

भरतेशनं घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. काचेच्या भांड्यात थरांचं गोड. खाली लिहिलंय, "हितली फेमस स्वीट. लय भारी दिसते."

म्हणजे हे त्याला आवडतं. आता कळलं, तो तीन वर्षं का आला नाही. हे इथं मिळत नाही.

वाक्य कोरडं बोलण्यात अर्थ नाही. हे गोड पुढं ठेवायचं, त्यानं पहिला घास घेतला की बोलायचं. तोंड भरलेलं असताना माणूस उठून जात नाही.

१० डिसेंबर, मंगळवार.

मोबाईलवर एका बाईची कृती पाहिली. भट्टी लागत नाही. खाली नारळाच्या बिस्किटांचा थर, वर आटवलेल्या गोड दुधाचा तपकिरी थर, वर फेटलेलं क्रीम, परत तेच, आणि शेवटी पेपरमिंटचं चॉकलेट किसून. अंडं नाही. मनाला बरं वाटलं.

एकच अडचण. ती बाई म्हणते, थर बसायला रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. आमच्या घरात दिवस मावळल्यावर खात नाहीत आणि रात्र ओलांडलेलं दुसऱ्या दिवशी खात नाहीत. आजोबांपासून.

उपाय लगेच सुचला. सकाळी सातला करायचं, संध्याकाळी साडेपाचला खायचं. साडेदहा तास. त्या बाईची रात्र तरी किती मोठी असणार.

गुणमाला म्हणाली, "आवं, त्याला काय आवडतंय ते मी इचारू का?" मी नको म्हणालो. सरप्राइज आहे.

११ डिसेंबर, बुधवार.

क्रीम. यात मला कोणी शिकवू नये. उभं आयुष्य फॅट मोजण्यात गेलं. चिलिंग सेंटरवरून ताजं क्रीम आणलं. बाई यंत्रानं फेटते, मी रवीनं घुसळलं. घट्ट होत होतं. अजून थोडं म्हणून घुसळलं.

लोणी आलं.

गुणमालेनं ते कढवलं. तूप चांगलं झालं.

१२ डिसेंबर, गुरुवार.

परत लोणी. हवेचा दोष.

१३ डिसेंबर, शुक्रवार.

परत लोणी. गुणमाला म्हणाली, "आता ताक कुणाला वाटायचं तेवढं सांगा. शेजारची दार लावून घ्यायला लागलीत." रवी खुंटीला टांगली. पृथ्वीराज डॉक्टरांची सून माहेरी गेली होती म्हणून त्यांच्या घरून तिचं केक फेटायचं यंत्र मागून आणलं. दोन मिनिटांत क्रीम उभं राहिलं. रवीमुळं हाताला सवय झाली होती, त्याचा उपयोग झाला.

१४ डिसेंबर, शनिवार. दुपारी १.

आटवलेल्या दुधाचा बंद डबा पाण्यात बुडवून तीन तास उकळायचा असतो. पाणी आटू द्यायचं नाही. मी डबा चुलीवर ठेवून बस्तीत गेलो. अभिषेक होता, उठवेना.

घरी आलो तर गुणमाला अंगणात उभी. ती म्हणाली, "आत जाऊ नका, अजून गळतंय."

डबा फुटून सगळं छताला. बरोबर चुलीच्या वर, ताटाएवढा डाग. कोणाला लागलं नाही, ही देवाची कृपा. मी तिला सांगितलं, वाळलं की आपोआप पडेल.

१५ डिसेंबर, रविवार.

पेपरमिंटचं चॉकलेट सांगलीत मिळालं नाही. पाच दुकानं. शेवटी साधं चॉकलेट घेतलं आणि शाळेजवळच्या टपरीवरून पेपरमिंटच्या पांढऱ्या गोळ्या. प्रत्येक पाकिटावरचा हिरवा ठिपका भिंग लावून पाहिला. दुकानदार म्हणाला, "अण्णा, काय हिरं घेताय व्हय?" गोळ्या खलबत्त्यात कुटल्या. आठवडाभर मिरचीच्या ठेच्याला पेपरमिंटचा वास येणार असं गुणमालेचं मत आहे.

१६ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळी ५.५०.

पहिली चाचणी. सकाळी सातला केलं, दुपारी लाईट गेली, गुणमालेनं फ्रीज नऊ वेळा उघडला. मी लिहून ठेवलं आहे. साडेपाचला सुरी घातली. थर उभे राहिले नाहीत. एकमेकांत गेले.

संस्थेत दूध घालणारा लालासाहेब आला होता. वाटीनं प्याला. म्हणाला, "अण्णा, बासुंदी ब्येस झालीया. त्यात बिस्कीट का बुडवलं, तेवढं सांगा."

थंडीत दिवस लहान असतो. हे त्या बाईनं सांगायला हवं होतं.

१८ डिसेंबर, बुधवार.

दुसरी चाचणी. फ्रीजला दोरी बांधली होती. परत बासुंदी. लालासाहेब स्वतःची वाटी घेऊन आला.

तीन दिवस उरले. गोठ्यात सराव करताना पाचातले दोन शब्द विसरलो.

बस्तीत पंडितांना विचारलं, एका गृहस्थाच्या घरी एक पदार्थ रात्रभर ठेवावा लागतोय, काही वाट आहे का? पंडित म्हणाले, "त्या गृहस्थाला म्हणावं, पाहुण्याला शिरा करा." माझ्याकडं बघून म्हणाले, "आणि सेक्रेटरीसाहेब, त्या गृहस्थाला म्हणावं, जरा झोपा."

१९ डिसेंबर, गुरुवार.

नीट विचार केला. नेम माझा आहे. भरतेशचा तिकडं कधीच सुटला असणार, मी तेव्हाच म्हणालो होतो. मग त्याच्यासाठी रात्री ठेवलं तर मोडतो कोणाचा नेम? वेगळं भांडं, वेगळा चमचा. मी बोटसुद्धा लावणार नाही.

हा निर्णय मी शांत चित्तानं घेतला. देवापुढं बसलो तेव्हा मात्र णमोकार मंत्र मध्येच तुटत होता. तीनदा पहिल्यापासून म्हटला.

२० डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ५.१५.

केलं. गुणमालेनं भांडं फ्रीजमध्ये जाताना पाहिलं. मग घड्याळाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. म्हणाली, "उद्यासाठी?" मी व्हय म्हणालो. ती म्हणाली, "तुमी?" मी म्हणालो, त्याच्यासाठी.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. आज फ्रीजला दोरी तिनं बांधली.

२१ डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी ६.३०.

सगळं आजच लिहून ठेवतो.

सकाळी ११ ला आईला मेसेज, "शिरवळला चहाला थांबलोय." साडेतीनला दारात. वाळलाय. माझ्या पाया पडला. मग सरळ आईकडं चुलीपाशी गेला. प्रवासाचा शीण.

पाच वाजता आईला म्हणाला, "ताटं घे आये, दिवस मावळतीला आलाय." मला वाटलं, माझ्यासाठी म्हणतोय. पंगतीला मात्र बसेना, दाराशीच उभा. मी पाटाकडं हात केला तेव्हा बसला. मध्ये एका माणसाची जागा सोडून.

मी फ्रीजमधून भांडं काढलं, झाकण उघडलं. थर असे बसले होते की काय सांगू. तपकिरी, पांढरा, तपकिरी, पांढरा, वर चॉकलेट आणि गोळ्यांचा चुरा. सुरी घातली ती उभी राहिली. त्याच्यापुढं ठेवलं. वाक्य तोंडात तयार होतं, पाचही शब्द.

त्यानं भांड्याकडं पाहिलं, छताच्या डागाकडं पाहिलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मला विचारलं, "अण्णा, हे कवा केलंय?"

"सकाळी" म्हटलं असतं तर त्यानं खाल्लं असतं. गुणमाला चुलीकडं तोंड करून बसली होती. ती काही बोलली नसती. थर सुंदर बसले होते.

मी म्हणालो, "काल."

त्यानं झाकण परत लावलं. हळूच. म्हणाला, "मग नको. तिथंबी खाल्लं न्हाई मी कवा. रात्रीचं ठेवत्यात ना. फोटो काढला नुसता."

तीन वर्षं. कारखान्यात थंडीच्या दिवसांत पाचला दिवस मावळतो, सुट्टी साडेपाचला. तो दुपारच्या डब्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत राहायचा, असं आईला सांगत होता. मी ऐकत होतो. माझ्या घरात माझ्या हातानं काल जे ठेवलं गेलं, ते आम्हा दोघांच्या मध्ये, त्या मोकळ्या जागेत होतं.

मग त्यानं भाकरी-तूप मागितलं. तीन भाकऱ्या खाल्ल्या. म्हणाला, "आये, तूप लय भारी झालंय."

वाक्य बोलायला ती वेळ योग्य होती असं आता वाटतं. पण माझ्या तोंडात घास होता.

२२ डिसेंबर, रविवार.

गोड लालासाहेबाला दिलं. त्यानं भांडं घासून परत आणलं. म्हणाला, "आता जमलं बगा अण्णा. अजून एकदा करा."

आज वाक्य राहिलं. घरात पाहुणे.

२४ डिसेंबर, मंगळवार.

भरतेश गोठ्यात आला होता. मी म्हशीकडं बघून सुरुवात केली, "मी तेव्हा..." तेवढ्यात धार काढायची वेळ झाली.

२८ डिसेंबर, शनिवार. सकाळी १०.

सांगली स्टँडवर त्याला सोडून आलो. त्याच जागी उभा होतो, नळाजवळ. आजूबाजूला चार माणसं होती, तीही बरोबर. चारचौघांत बोललो होतो, चारचौघांत मागं घ्यायचं. त्याच्या पिशवीत तुपाचा डबा होता, माझ्या सगळ्या क्रीमचा. गाडी हलली. मी खिडकीपाशी गेलो आणि म्हणालो, "झाकण घट्ट लाव."

तो म्हणाला, "लावलंय अण्णा."

घरी येऊन गुणमालेला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. वाक्य होतं, पाच शब्द होते, तयारी पूर्ण होती, राहून गेलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. म्हणाली, "ते व्हय. ते म्या त्याला दिवाळीलाच फोनवर सांगितलं. रोज गोठ्यात म्हशीला सांगत व्हता, मला काय ऐकू येत न्हाई?"

मी विचारलं, मग तो काय म्हणाला?

"काय म्हणणार? तिकीट काढलं."