अकरा जणांचा सातबारा

अण्णा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली आणि आज पहिल्यांदाच वाटलं, बरं झालं तुम्ही नाही आहात. असतात, तर जागेची चतुःसीमा विचारली असती आणि मला ती सांगता आली नसती.

तिसगावच्या घरात तुम्ही जेवायला बसलात की नवी जमीन घेतलेला कुणीतरी हमखास कागद घेऊन दारात उभा. तलाठ्याला सुखानं घासही खाऊ देत नाहीत, म्हणून आई भाकरी जरा जोरातच थापते. तुम्ही कागदाला हात लावत नाही. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, गाडी कुठनं आत जाते, एवढंच विचारता. एकदा एक मास्तर अडखळले, कानापर्यंत लाल झाले आणि मी फिदीफिदी हसले. ते गेल्यावर तुम्ही मला झापलंत. "हसू नको. अडाणी मानूस धा जणांना इचारून घेतो. शिकलेल्याला इचारायची लाज वाटती." मला रागच आला होता, कारण मास्तरांचं तोंड खरंच हसण्यासारखं झालं होतं.

पुढे मीही मास्तरीणच झाले. कर्जतला भाड्याच्या दोन खोल्यांत उभी नोकरी गेली. निवृत्तीच्या आधी स्वतःचं घर व्हावं, एवढाच हट्ट होता. एजंटानं सडकेवरूनच बोट करून जागा दाखवली, चुन्याच्या रेघा मारलेली. ऊन फार आहे, आत कशाला येता, म्हणाला. एकदोन गुंठ्यांची वेगळी खरेदी होत नाही, म्हणून आम्ही अकरा जणांनी मिळून एकच खरेदीखत केलं. मॅडम, नाव सातबाऱ्यावर लागतंय, अजून काय पाहिजे, असं त्याचं म्हणणं. वकिलाला दाखवावं असं मनात आलं होतं. पण मी तलाठ्याची लेक ना! उलट बाकीचे दहा जण माझ्याकडं बघून सह्या करत होते. नाव लागलं तेव्हा मी शाळेत पेढे वाटले.

त्या पावसाळ्यात चुना वाहून गेला. आता अकरा जणांत कुणाचा तुकडा कोणता, हे कागदावर कुठंच नाही. बांधकामाला परवानगी नाही, बँक कर्ज देत नाही, आणि वाटणी करायची तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. त्यातले एक वारले, त्यांची मुलं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. सडकेकडच्या शेतकऱ्यानं त्याच्या रानातनं जाणारी आमची वाट नांगरून तिथं तूर पेरली. मी तणतणत गेले तर तो शांतपणे म्हणाला, "बाई, रस्ता तुमाला एजंटानं दिलता, मी न्हाई." खरंच होतं त्याचं. घुसमट होते, अण्णा. ना विकता येत, ना सोडता येत, ना कुणाला सांगता येत. बसमधून ते शेत दिसलं की मी मान फिरवते.

आता सुटायची एक वाट निघालीय. आमच्या शाळेत नवीन लागलेली एक बाई आहे, माझ्या लेकीच्या वयाची. पहिलीच गुंतवणूक करतेय, आईनं जपलेलं सोनं मोडून. एजंट म्हणतो, तुमचा हिस्सा तिला नोटरीवर लिहून देऊन टाका, रजिस्टरच्या भानगडीत पडूच नका. नोटरीच्या कागदाची किंमत मला कळते. तिला कळत नाही. ती रविवारी इसार घेऊन येणार आहे.

खरं तर हे पत्र तिच्याच हातात द्यायला हवं. इथवर लिहिलेलं दोनदा पर्समध्ये घातलं आणि दोनदा काढून ठेवलं. काल डबा खाताना तिनं विचारलं, बाई, जागेत काही अडचण तर नाही ना? मी घास गिळला आणि तिला सांगितलं, माझे वडील तलाठी होते, त्यांनी स्वतः बघून दिलीय ही जागा.