सिंदफणा रूममधला रुसवा

१० जून १९९९, गुरुवार. बीड.

पोचलो. केजहून जीप, मांडीवर दुसऱ्याचं पोतं.

सिद्धारामने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, भर चौकात हॉटेल काढलंय. सगळे म्हणतात काय स्टाईल, काय स्टाईल. मी भांड्यांचा व्यापारी. माल ठोकून बघतो. भिंतींना गिलावा नाही, नुसत्या विटा. याला म्हणे 'लूक' म्हणतात. आमच्या केजात याला अर्धवट बांधकाम म्हणतात. खोल्यांना नंबर नाहीत, नद्यांची नावं. मला 'सिंदफणा'.

उद्घाटन अक्षय तृतीयेला झालं. सगळ्या पाहुण्यांना फेटे बांधले. धाकटा जावई राधाकिशन, त्यालाही फेटा. थोरल्या जावयाची, म्हणजे माझी, पाळी आली आणि फेटे संपले. मला टोपी. फोटोत सगळे गुलाबी, मधे मी पांढरा. तो फोटो फ्रेम करून रिसेप्शनवर टांगलाय. आज पुन्हा पाहिला. पुन्हा पेटलो.

पण आता अधिक महिना आहे. शनिवारी खालच्या हॉलमध्ये दोन्ही जावयांना धोंड्याचं जेवण. बायको रुद्राणी माहेरी उतरली. मी मुद्दाम हॉटेलात रूम मागितली. प्लॅन पक्का: रुसायचं. तीनदा विनवणी झाल्याशिवाय दार उघडायचं नाही. मग सिद्धारामने स्वतः फेटा घेऊन यावं, हात जोडावेत आणि सगळ्या बीडने बघावं.

संध्याकाळ. टेबलावर पाटी सापडली, दाराच्या मुठीला अडकवायची. 'डू नॉट डिस्टर्ब'. व्वा. हॉटेलवाल्यांनी रुसव्याची सोयच करून ठेवलीय. घरी मी रुसलो तर कळायलाच दोन दिवस जातात. लावली बाहेर. आता बघतोच एकेकाला.

११ जून, शुक्रवार.

सकाळ. चहा नाही. घाबरलेत.

थोड्या वेळाने बूट करकरले. सिद्धारामचेच. दारापर्यंत आले. मी चादर ओढून तोंड भिंतीकडे केलं. बूट परत गेले. ही पहिली विनवणी धरतो. बोलायची हिंमत झाली नाही, तो त्याचा दोष.

दुपार. रुद्राणीने बांधून दिलेल्या दशम्या आणि शेंगांची चटणी संपली. उद्यापर्यंत पुरवायची होती. रुसव्यात भूक जास्त लागते.

संध्याकाळ. दाराबाहेर बांगड्या वाजल्या. सासूबाई, गंगासागरबाई. काहीतरी पुटपुटल्या, गेल्या. दुसरी विनवणी. खरं तर उघडणार होतो. पण नियम म्हणजे नियम.

फोन वाजत नाही. उचलून पाहिला. चालू आहे. लगेच ठेवला, नाहीतर खाली एंगेज लागायचा.

१२ जून, शनिवार.

आज जेवण. थोरल्या जावयाशिवाय पंगत बसूच शकत नाही. सिद्धाराम आज गुडघ्यावर येणार. इस्त्रीचा कुर्ता घालून, कपाळाला विभूती लावून, रुसून तयार बसलोय.

१२ वाजता. तुपाचा वास. धोंडे तळतायत.

१ वाजता. खाली हसण्याचा आवाज. राधाकिशनचा. मला कसं आणावं यावर खल चालला असणार. पण त्यात हसण्यासारखं काय?

थोड्या वेळाने. पाणी प्यायलो. पुन्हा प्यायलो.

३ वाजता. ताटं घासल्याचा आवाज. भांड्यांच्या बाबतीत माझा कान चुकत नाही. ही खरकटी ताटं होती.

दार उघडलं. बाहेर खुर्चीवर गुलाबी फेटा, नीट घडी घातलेला. शेजारी झाकलेलं ताट. धोंडे, अनारसे. झाकणाखाली मुंग्यांची पंगत बसून उठत आली होती.

जिन्याजवळ मुंजाजी उभा होता, पिकल्या केसांचा वेटर. विचारलं, फेटा कधीपासून आहे? म्हणाला, काल सकाळपासून. मालक स्वतः बांधायला आलते.

"पाटी बगितली अन् म्हणले, दाजीला काहून उठवायचं? आपल्या हाटेलात पाटी म्हंजे पाटी."

सासूबाई धोंड्याचं बोलावणं करायला आल्या होत्या. त्यांनाही यानेच पाटी वाचून दाखवली.

खाली गेलो. राधाकिशन फेटा बांधून, विडा खात, पोटावरून हात फिरवत बसला होता. सिद्धाराम धावत आला, झोप झाली का दाजी, विचारू लागला. त्याला वळसा घातला. रुद्राणीला बाजूला घेतलं. म्हटलं, ते परके, पण तू तरी हाक मारायचीस.

"पाटी लावलती तुमी. मला वाटलं, एकदा तरी तुमच्या मनासारखं होऊ द्यावं."



१३ जून, रविवार. केज.

सूड घेतला. निघताना पाटी पिशवीत घालून आणली. आता सिंदफणा रूमला पाटी नाही. बसा बोंबलत.

फेटाही आणला. तो माझा हक्क आहे. सकाळी आरशासमोर बांधायला बसलो. एकदा कानावर आला, एकदा डोळ्यांवर. मानाचा फेटा स्वतःच्या हाताने बसत नाही. रुद्राणीला म्हटलं, बांधतेस का? म्हणाली, मला येत न्हाई, सिद्धाराम बांधील की. दिवाळीला येणार हाय.

दिवाळी नोव्हेंबरात.

टोपी घालून दुकान उघडलं.