मधल्या खोलीची बॅटरी

मी, गल्लीत टेलरकाकू म्हणून ओळखली जाणारी, वय अठ्ठ्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. याबद्दल घरात दुमत असल्यामुळे डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. वरचा मजला थोरल्या मुलाला, खालचा धाकट्याला. तसेही ते तिथेच राहतात. खालची मधली खोली, जिथे मी राहते, ती दोघांची सामाईक. तिच्यात भिंत घालता येणार नाही.

२. शिलाई मशीन थोरल्या सुनेला. कात्री धाकटीला. पुठ्ठे कापून तिनेच ती बोथट केली आहे, तेव्हा धारही तिनेच लावून घ्यावी.

३. गच्चीवरची सौर पॅनेलं दोघांची. थोरल्याने ती हौसेने बसवली आणि गल्लीभर सांगितलं, "सगळ्यांची लाइट गेली तरी आमची जाणार नाही." आठवड्याने भर दुपारी लाइट गेली. आमचीही गेली. बॅटरी नसेल तर अशा वेळी पॅनेलं आपोआप बंद होतात, नाहीतर खांबावर काम करणाऱ्याला शॉक बसेल, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. धाकट्याने जिन्यातून हाक मारली, "दादा, सूर्य मावळला का रे?"

त्याला दोन वर्षं झाली. दोघं बोलत नाहीत. त्या दिवशी मीही हसले होते, उशीत तोंड खुपसून. थोरल्या, हे तुला माहीत नव्हतं. आता मी तुझ्या तावडीतून सुटले आहे.

४. माझी मुदत ठेव मोडून बॅटरी बसवावी. वायरमनने घर पाहून सांगितलं ते असं: "काकू, नुसती बॅटरी आणून भागत नाही. पॅनेलांचा जुना इन्व्हर्टर तिला चालणार नाही, तो बदलायचा. वेगळा बोर्ड लागेल. जागा हवेशीर हवी, ऊन नको. दहाएक वर्षांनी पुन्हा नवी बॅटरी. सगळं घर चालवायचं तर तीन लागतील, तुमच्या ठेवीत एक बसते. लाइट गेल्यावर काय चालू ठेवायचं, तेवढं ठरवा."

थोरला वरून ओरडला, "आमचा एसी!" धाकटा खालून, "आमचा फ्रिज!" दोघांनी मला सांगितलं, एकमेकांना नाही.

मी ठरवलं. बॅटरीवर फक्त मधली खोली चालेल. एक दिवा, एक पंखा, मोबाइलसाठी एक प्लग. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या आहेत. सुनांनी पलंगावर बसावं.

५. बॅटरीची वायर जो आपल्या खोल्यांत ओढेल, त्याच्या वाट्याची पॅनेलं दुसऱ्याला जातील.

६. हल्ली लाइट फारशी जात नाही, ही अडचण माझ्या लक्षात आली आहे. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी वायरमन बॅटरी तपासायला येईल. तपासणीसाठी मेन स्विच दोन तास बंद राहील. इतका वेळ कशाला लागतो, हे त्याला विचारू नये. त्याची मजुरी मी आधीच दिली आहे, या मृत्युपत्रातून त्याला काही मिळायचं नाही, त्यामुळे साक्षीदार व्हायला तो मोकळा आहे.

हे सगळं मी स्वतः वाचलं. अक्षर माझं, खोडीही माझी.

स्थळ: मधली खोली
दिनांक: शिक्क्यावरचा
सही: टेलरकाकू

साक्षीदार:
१. समोरचे डॉक्टर
२. वायरमन. सही करताना याने विचारलं, "काकू, दोन तासांत नाहीच बोलले तर?" मी सांगितलं, "मग बाहेरून कडी घाल."